सीमेवर माणसं किती लागतात, हे कुणी मोजलंय का?

मागच्या पंधरा दिवसांपासून आमच्या अंबाजोगाईच्या मित्रांच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे, आणि तो इतका चुकीच्या दिशेनं चाललाय की शेवटी म्हणलं नीट बसून लिहावंच. एका बाजूचं म्हणणं, सीमेवर अजून लाखभर जवान भरा, विमानतळावरचे इमिग्रेशनचे काउंटर डबल करा, अमेरिकेनं बघा २०२५ मध्ये कायदा करून एका दमात १० हजार अधिकारी भरायला पैसा ठेवला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आता माणसं कशाला पाहिजेत, ई-गेट बसवा, कॅमेरे लावा, ड्रोन उडवा, पगार आणि पेन्शन वाचेल. तीनशेच्या वर मेसेज झाले असतील, पण त्यात एकानंही असं विचारलं नाही की बाबा, काम किती आहे? माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. दोन्ही बाजू उत्तरापासून सुरू करतायत आणि गणित मागून जुळवतायत. माणसांचा आकडा म्हणजे हिशोबाचा शेवटचा रकाना, तो आधीचे रकाने भरल्याशिवाय लिहिता येत नाही. ज्या खात्यानं काम मोजून लोकांसमोर ठेवलं नाही त्याच्या भरतीच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नये आणि कपातीच्या आकड्यावर तर त्याहून ठेवू नये.

आपल्या मराठवाड्याच्या माणसाला हे समजावून सांगायची खरंतर गरज पडू नये. उन्हाळ्यात गावानं टँकर मागितला की लगेच मिळतो का? तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी होते, विहिरीत पाणी किती, बोअर किती चालू, गावची लोकसंख्या किती, माणशी रोज २० लिटरच्या हिशोबानं किती लिटर लागतात, भरायचं ठिकाण किती किलोमीटरवर आहे, आणि त्यावरून टँकरच्या खेपा ठरतात. त्या पाहणीत उशीर होतो, भांडणं होतात, हे आपण सगळ्यांनी भोगलंय, पण पद्धत चूक आहे असं कुणी म्हणत नाही, कारण टँकरचा आकडा आधी आणि तहान नंतर असं केलं तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या वस्तीवर तीन टँकर आणि तांड्यावर शून्य असं होतं. मग २० लिटरचा हिशोब जो देश पाण्यासाठी करतो, तोच देश सीमेवरच्या माणसांसाठी का करू शकत नाही?

आता मोजायचं म्हणजे काय ते जरा खोलात सांगतो, कारण खरी गंमत इथंच आहे आणि ग्रुपवरच्या वादात नेमकं हेच सुटलंय. एक खुर्ची, मग ती विमानतळावरचा काउंटर असो की सीमेवरचं पहाऱ्याचं ठिकाण, चोवीस तास आणि वर्षभर भरलेली ठेवायची तर किती माणसं लागतात? बहुतेक जण पटकन सांगतात तीन, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. पण वर्षात तास होतात ८,७६०. एका माणसाच्या आठवडी सुट्ट्या, हक्काच्या रजा, आजारपण, ट्रेनिंग, कोर्टाच्या तारखा हे सगळं वजा केलं तर तो प्रत्यक्ष जागेवर साधारण २२० दिवस असतो, म्हणजे १,७६० तास. भागून बघा, जवळपास ५ येतात. एका खुर्चीला पाच माणसं! जिथं तीन दिलीत तिथं उरलेल्या दोघांचं काम हे तिघं स्वतःच्या झोपेतून आणि रजेतून भरून काढतात. आमच्या गल्लीतला एक पोरगा सीमेवरच्या एका दलात आहे, बंगालच्या बाजूला असतो, दिवाळीला आला होता तेव्हा सांगत होता की चौकीच्या यादीवर जेवढी नावं आहेत त्यातली रजेवरची, कोर्सला गेलेली, हॉस्पिटलातली, दुसरीकडं बंदोबस्ताला पाठवलेली आणि स्वैपाकघर-स्टोअर-ऑफिसातली काढली की रात्री तारेजवळ उभं राहायला उरतात त्यांची संख्या ऐकून आई-बाप घाबरतील. त्याच्या आईनं ते ऐकलं आणि ती खरंच घाबरली. हा फरक, यादीवरच्या माणसांत आणि उभ्या असलेल्या माणसांत, जोपर्यंत कुठल्या कागदावर येत नाही तोपर्यंत 'आपल्याकडं अडीच लाख जवान आहेत' या वाक्याला अर्थ नाही.

विमानतळाचं गणित आणखी वेगळं. तिथं सरासरी काढणं म्हणजे स्वतःला फसवणं. पहाटे एका तासात तीन मोठी विमानं उतरली, ९०० प्रवासी आले, एका पासपोर्टला दीड मिनिट धरलं तर १,३५० मिनिटांचं काम एका तासात करायचंय, म्हणजे २२-२३ काउंटर फक्त बरोबरीत राहायला पाहिजेत. दुपारी त्याच हॉलमध्ये तीन काउंटर पुरतात. सरासरी काढली तर दहा-बारा येतील, आणि दहा-बारा हा आकडा पहाटे निम्मा पडतो अन् दुपारी चौपट जास्त होतो, म्हणजे कुठल्याच वेळी बरोबर नसतो. त्यात रांगेचा एक स्वभाव आहे जो माणसाच्या अंदाजाला पटत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं १९०९ मध्ये या विषयावरचा पहिला निबंध लिहिला, तेव्हा प्रश्न होता फोनच्या लाइनी किती ठेवायच्या. त्यातून पुढं जे शास्त्र उभं राहिलं ते सांगतं की एका काउंटरवर सरासरी एक मिनिटाचं काम असेल आणि माणसं कशीही, कधीही येत असतील, तर कारकून ८० टक्के वेळ बिझी असताना रांगेत सरासरी ४ मिनिटं जातात, ९० टक्के असताना ९ मिनिटं, आणि ९५ टक्के असताना १९. म्हणजे वरच्या साहेबाला जो माणूस 'पाच टक्के रिकामा' दिसतो त्याला कापलं की रांग पाच टक्क्यांनी वाढत नाही, दुप्पट होते. काटकसर करणाऱ्यांनी हे एकदा तरी कागदावर करून बघावं.

आपल्याकडं मात्र चर्चा होते ती मंजूर पदांवर. इतकी पदं मंजूर, इतकी भरलेली, इतकी रिक्त, म्हणून इतकी भरा. पण ते मंजूर पद आलं कुठून? कधीतरी आकृतिबंध, म्हणजे खात्यात किती पदं असावीत याचा तक्ता, ठरला, तेव्हा विमानं किती होती, रस्ते किती होते, व्हिसा कागदावर होता की कॉम्प्युटरवर, हे सगळं बदललं आणि आकडा तिथंच राहिला. केंद्र सरकारकडं या कामासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे, अर्थ खात्यातलं स्टाफ इन्स्पेक्शन युनिट, १९६४ मध्ये स्थापन झालेलं, खात्यात जाऊन काम मोजायचं आणि माणसं किती लागतात ते सांगायचं एवढ्यासाठीच. म्हणजे कल्पना नवीन नाही, परदेशी तर अजिबात नाही. तरीही टीव्हीवरच्या एखाद्या चर्चेत कुणी 'शेवटचं काम कधी मोजलं' असं विचारलेलं मी ऐकलं नाही.

आता अमेरिका, कारण ग्रुपवर तिचंच उदाहरण सारखं येतंय. ते उदाहरण पूर्ण बघा ना. १९९२ च्या सुमाराला तिथल्या बॉर्डर पेट्रोलमध्ये ४ हजारांच्या आसपास माणसं होती, २०११ पर्यंत २१ हजारांच्या वर गेली. पाचपट. यातला मोठा हिस्सा २००६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत घाईघाईनं भरला. पुढं काय झालं? २००५ ते २०१२ या आठ वर्षांत त्यांच्या सीमाशुल्क आणि सीमा खात्यातल्या आजी-माजी १४४ कर्मचाऱ्यांवर भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अटक किंवा आरोपपत्र झालं, हे तिथल्याच सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेनं लिहिलंय. २०१० मध्ये संसदेला कायदा करून प्रत्येक उमेदवाराची पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडायची चाचणी सक्तीची करावी लागली. मग २०१७ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी आदेश काढला, बॉर्डर पेट्रोलमध्ये ५ हजार आणि आइस या, देशात बेकायदा राहणाऱ्या परदेशी लोकांना पकडून बाहेर काढणाऱ्या खात्यात १० हजार माणसं भरा. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की ही १५ हजार माणसं नेमकी कशासाठी लागतात याचा पूर्ण डेटा दोन्हीपैकी एकाही खात्याला देता आला नाही, आणि गळतीचं प्रमाण बघता ५ हजार निवडायला साडेसात लाख आणि १० हजार निवडायला पाच लाख उमेदवार तपासावे लागतील. भरतीचं कंत्राट एका बड्या कन्सल्टिंग कंपनीला दिलं, २९.७ कोटी डॉलर, ७,५०० माणसं आणून द्यायची. २०१८ च्या शेवटी महानिरीक्षकांनी पुन्हा तपासलं तेव्हा १.३६ कोटी डॉलर देऊन झाले होते आणि कंपनीनं हाताळलेल्या उमेदवारांपैकी नोकरी स्वीकारलेले होते दोन. दोन हजार नाही, दोन. आकडा आधी आणि गरज नंतर, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आणि समजा माणसं मिळाली, चांगली मिळाली, तरी एक प्रश्न राहतोच, की साखळीतल्या पुढच्या कड्यांचं काय? बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे साखर कारखान्याच्या यार्डात उभं राहून कळतं. समजा कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला अडीच हजार टन आहे, आणि चेअरमननं उत्साहात टोळ्या डबल केल्या, कोयते डबल झाले, तोड डबल झाली. ऊस टाकायची गव्हाण तीच, रोलर तेच. होतं काय की यार्डात ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, बैलगाड्यांच्या रांगा लागतात, नंबर लागायला दोन-दोन दिवस, बैल उपाशी, बायका-पोरं गाडीखाली झोपलेली, आणि ऊस उन्हात वाळून वजन आणि उतारा दोन्ही घटतो. टोळी वाढवून साखर वाढली नाही, हाल वाढले. अमेरिकेत आत्ता हेच चाललंय असं माझं स्पष्ट मत आहे. पकडणाऱ्यांसाठी हजारो जागा, पण पकडलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून निर्णय देणारे इमिग्रेशन न्यायाधीश २०२५ च्या सुरुवातीला सातशेच्या आसपास, तुंबलेले खटले ३० लाखांच्या वर, आणि २०२५ च्या त्याच कायद्यात लिहून ठेवलंय की नोव्हेंबर २०२८ पासून न्यायाधीशांची संख्या ८०० च्या वर न्यायची नाही. म्हणजे कोयते वाढवले आणि गव्हाणीवर मर्यादा घातली. वाळतो तो माणूस असतो, कुणाचा तरी बाप, कुणाची लेक, आणि आता आपल्या लातूर-नांदेडची पोरंही तिकडं शिकायला आणि नोकरीला आहेत म्हणून हे लांबचं वाटून घेऊ नका. आपल्याकडंही 'शोधा आणि हाकला' एवढंच म्हणणाऱ्यांनी विचारावं की कागद तपासणारे किती, भाषा समजणारे दुभाषे किती, माणूस नागरिक की परका हे ठरवणाऱ्या आसाममधल्या १०० फॉरेनर्स ट्रिब्युनलमध्ये एका माणसाच्या वाट्याला किती वेळ येतो. चुकून आपलाच नागरिक परका ठरला तर ती चूक घाईनं काम उरकणाऱ्याच्या टेबलावर झालेली असते.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा. आमच्या ग्रुपवरचे एक निवृत्त सुभेदार काका आहेत, मी त्यांचा फार आदर करतो, ते म्हणले, 'बाळा, पहारा मोजता येत नसतो. रात्रभर काही झालं नाही तर ते पहारेकरी होता म्हणून झालं नाही, तुझ्या तक्त्यात ते शून्य काम दिसेल.' हे खरं आहे आणि मी ते मान्य करतो. पासपोर्टवर किती शिक्के मारले ते मोजता येतं, न झालेली घुसखोरी मोजता येत नाही. पण काकांच्या बोलण्यातून 'म्हणून मोजूच नका' हे निघत नाही, 'म्हणून वेगळ्या मापानं मोजा' हे निघतं. पहाऱ्याचं माप म्हणजे किती लांबी, किती वेळ, किती झोप. बांगलादेशची सीमा ४,०९६ किलोमीटर आहे. दोन चौक्यांमधलं अंतर साडेतीन किलोमीटरपर्यंत आणायचं असं धोरण गृह खात्यानंच ठेवलेलं आहे. मग त्या साडेतीन किलोमीटरमध्ये नदी आहे का, तार आहे का, धुकं किती महिने असतं, गस्तीला एकावेळी किती जण जातात, आणि प्रत्येक जागेला पाचच्या हिशोबानं किती होतात, हे सगळं लिहिता येतं. हाच हिशोब केला तर कदाचित सध्यापेक्षा जास्तच माणसं निघतील, आणि निघाली तर मी पहिला म्हणेन भरा.

आणि काही गोष्टी अशा असतात की तिथं हजार माणसं उभी केली तरी उपयोग नसतो. २६/११ च्या हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली २००६ ते २००९ च्या दरम्यान अनेक वेळा भारतात आला आणि गेला. काउंटरवर माणूस नव्हता असं नाही, माणूस होता, त्यानं पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला, कागद बरोबर होते. दाऊद गिलानी हे नाव बदलून हेडली झालेला हाच तो, ही माहिती त्या खुर्चीसमोर नव्हती. २०१० मध्ये केंद्रानं १,०११ कोटींची व्हिसा-इमिग्रेशनचं सगळं रेकॉर्ड जोडणारी योजना मंजूर केली. त्या खुर्चीवर एकाच्या जागी तीन माणसं बसवली असती तर तिघांनीही तोच शिक्का मारला असता.

इतिहासात बघायचं तर यापेक्षा मोठं उदाहरण आपल्याच देशात घडून गेलंय. इंग्रजांनी मिठाच्या करासाठी देशाच्या मधोमध जकातीची एक रेघ ओढली होती, सिंधूपासून पार ओरिसापर्यंत, २,३०० मैलांच्या वर, त्यातल्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण, काही ठिकाणी जिवंत झाडांचं, आणि पहाऱ्याला जवळपास १२ हजार माणसं. पुढं काँग्रेस स्थापन करणारे ए. ओ. ह्यूम हे या खात्याचे कमिशनर होते, कुंपण दाट करण्यात त्यांनी बरीच मेहनत घेतली. १८७९ मध्ये ते सगळं बंद केलं. रेघेच्या दोन्ही बाजूंचा कर जवळजवळ सारखा केला, मीठ जिथं तयार होतं तिथंच ताबा घेतला, त्यामुळं चोरून आणण्यात फायदाच उरला नाही. मिठाचा कर अन्यायाचाच होता, त्याबद्दल मला काही चांगलं बोलायचं नाही, पण इतकी वर्षं 'अजून किती माणसं' असा प्रश्न विचारणाऱ्यांना शेवटी 'हे काम करायचंच कशाला' असं विचारावं लागलं. आपल्याकडं निजामाच्या राज्याची करोडगिरी, म्हणजे जकात, होती. माझे आजोबा बार्शीच्या अलीकडच्या एका गावातले, म्हणजे गाव मोगलाईत, निजामाच्या राज्यात, आणि बाजार इंग्रजी हद्दीत, ते सांगायचे की नाक्यावर शिपाई दोन आणि शिवारातून निघणाऱ्या पाऊलवाटा दहा, सून माहेराहून येताना लुगडं आणलं तरी मनात धाकधूक. १९४८ च्या सप्टेंबरनंतर ती सरहद्दच गेली आणि पुढं नाकीही गेली. देशांच्या सीमा अशा जाणार नाहीत हे मलाही कळतं. पण सीमेवरची कामं तपासून त्यातली बिनकामाची काढता येतात. २०१७ च्या १ जुलैपासून भारतातून विमानानं बाहेर जाताना भरायचा तो डिपार्चर कार्ड नावाचा फॉर्म बंद झाला. त्यातली माहिती दुसरीकडून मिळतच होती. किती जणांची किती मिनिटं वाचली असतील विचार करा, आणि त्यासाठी एकही पद मंजूर करावं लागलं नाही.

मशीनवाल्यांना मी विरोध करत नाही, फक्त अर्धंच बोलू नका म्हणतो. जून २०२४ मध्ये दिल्लीला ई-गेटची ट्रस्टेड ट्रॅव्हलर योजना सुरू झाली, २०२५ च्या जानेवारीत मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली, चांगली आहे. पण ई-गेटमधून जातो तो सोपा माणूस, आधीच तपासलेला. काउंटरवर उरतात ते अवघड, पहिल्यांदा विमानात बसलेली आजी, आखातात कामाला चाललेला परभणीचा गवंडी ज्याच्या एजंटनं कागदात काय घातलंय ते त्यालाच माहीत नाही, नाव आणि जन्मतारीख दोन कागदांवर दोन असलेला विद्यार्थी. यांना दीड मिनिट पुरत नाही, दहा मिनिटं लागतात, आणि समजून घेणारा अनुभवी माणूस लागतो. गेट बसवून प्रवासी निम्मे झाले म्हणून स्टाफ निम्मा केला तर सगळ्यात गरीब प्रवाशाचं विमान चुकेल. ब्रिटननं कपातीचा रस्ता करून बघितलाय. २०११ मध्ये उघड झालं की रांगा वाढू नयेत म्हणून काही तपासण्या सैल केल्या होत्या, बड्या अधिकाऱ्याला जावं लागलं, २०१२ मध्ये बॉर्डर फोर्स वेगळं काढावं लागलं, आणि सगळ्या तपासण्या कडक केल्यावर ऑलिंपिकच्या तोंडावर हीथ्रोवर तासन् तास रांगा लागल्या. त्या गर्दीत दुसऱ्या खात्यांतली माणसं आणून बसवली.

राहिला तो मुद्दा जो मला स्वतःला रात्री झोपू देत नाही. ग्रुपवरच्या एका पोरानं लिहिलं, 'दादा, तुमचं मोजमाप होईपर्यंत माझं वय निघून जाईल.' त्याला काय उत्तर द्यायचं? आपल्याकडं प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर पहाटे साडेचारला पोरं-पोरी पळत असतात, जीडी कॉन्स्टेबलची, म्हणजे केंद्रीय दलांतल्या शिपायाच्या भरतीची, वयाची अट २३, सवलत धरून थोडी जास्त, आणि 'आकृतिबंध सुधारणं चालू आहे' या एका वाक्याखाली किती वर्षं निघून गेली हे त्यांना विचारा. मोजमाप हे भरती टाळायचं निमित्त होतं, हा आरोप खरा आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. पण निमित्त चालतं कशामुळं, तर हिशोब कुणाला दिसत नाही म्हणून. अर्थ खात्यानं नाही म्हणलं तर त्याला खोडून काढायला आपल्या हातात कागद नसतो. अमेरिकेच्याच ज्या खात्याचे इतके दोष वर सांगितले त्यातल्या एका भागानं, प्रवेशनाक्यांवर बसणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी, काम मोजून किती माणसं लागतात याचं मॉडेल केलं होतं. त्यातून ३,८११ अधिकारी कमी आहेत असं निघालं आणि २०१४ मध्ये संसदेनं २ हजार पदांचा पैसा दिला. पूर्ण नाही दिला, पण दिला, कारण नाही म्हणणाऱ्याला प्रत्येक नाक्याचा आकडा समोर होता. म्हणून माझी मागणी अशी की मोजमापाला मुदत घाला, सहा महिने म्हणा, आणि तोपर्यंत जी पदं आत्ताच रिक्त आहेत, ज्यांची परीक्षा होऊन गेलीय, ती भरती एक दिवसही थांबवू नका. जिथं एका खुर्चीला पाचाच्या जागी तीन आहेत तिथं ती माणसं कुठल्याही हिशोबात लागणारच आहेत. मोजमापानंतर ठरवायचं ते नवीन पदांचं, कुठली चौकी, कुठला नाका, कुठली पाळी, किती दुभाषे, किती न्यायाधीश. आणि तो तक्ता दर तीन वर्षांनी संसदेत ठेवायचा, जागा गुप्त ठेवायच्या तर ठेवा, पण एका खुर्चीला किती माणसं धरली आणि प्रत्यक्ष किती उभी आहेत हे लपवायचं कारण नाही. त्या पोराला मी हेच लिहिलं. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही, पहाटे मैदानावर दिसला, स्टॉपवॉच हातात होतं.